अक्का माहेरी होती तो हंगाम

डिसेंबर लागला की बेंगळुरात अवऱ्याच्या गाड्या उभ्या राहतात. अवरे म्हणजे आपला पावटाच, पण इथल्या माणसांना त्याचं जे वेड आहे ते काही औरच. हिरव्या शेंगांचे ढीग, त्यावर ओलं गोणपाट, आणि सगळ्या रस्त्याला एक तेलकट, उग्र, ओलसर वास. कानडीत त्या वासाला सोगडु म्हणतात. रात्री दव पडलं की सकाळी तो वाढतो. गाडीवाला मूठभर शेंगा पुढं करून म्हणतो, "सोगडु इदे सार्, नोडि." वास आहे साहेब, बघा. लोक नाकाशी धरून बघतात आणि पिशव्या भरतात. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं चालू लागतो.

मला ही भाजी आवडत नाही असा घरात सगळ्यांचा समज आहे. माझी मुलगी तन्वी अकरा वर्षांची आहे, ती दरवर्षी एकदा तरी विचारते, "बाबा, सगळ्या बेंगळुरूला आवडतात, मग तुलाच का नाही?" मी सांगतो, पोटाला जड पडतात. आई तेव्हा खिडकीबाहेर बघत असते. इलेक्ट्रॉनिक सिटीत सातव्या मजल्यावर आमच्या खिडकीतून उड्डाणपूल दिसतो, त्यावरच्या बसगाड्या दिसतात. बघण्यासारखं त्यात काही नाही. तरी आई बघत राहते.

खरं तर मला अवरे फार आवडायचे.

चौदा वर्षं झाली. तेव्हा आम्ही के. आर. पुरमच्या पुढं राहायचो, अण्णांनी बांधलेल्या घरात. अण्णा म्हणजे माझे वडील. पेठेतल्या एका शिवणकामाच्या दुकानात ते कटर होते, सगळा जन्म त्यांनी उभ्यानं कापड बेतलं. आमचं घराणं इकडं येऊन पाच पिढ्या झाल्या. घरात मराठी, दाराबाहेर कानडी, आणि बोलताना दोन्हीची सरमिसळ. म्हणून वडील अण्णा आणि थोरली बहीण अक्का. तिचं नाव रेणुका, पण त्या नावानं तिला घरात कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. ती मला तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ.

अक्का आषाढात आली. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात मुलीनं माहेरी राहायचं, अशी इकडची रीत आहे. पण तिच्या लग्नाला तीन वर्षं होऊन गेली होती. होसकोट्याहून बसनं आली, हातात एक कापडी पिशवी. होसकोटे आमच्या नाक्यापासून अर्ध्या तासावर.

"किती दिवस आहेस?" आईनं विचारलं.

"आषाढ संपेपर्यंत."

"अगं, तुझा आषाढ कधीच झाला की."

"मग हा जादाचा धर," अक्का म्हणाली आणि हसली. आम्हीही हसलो. ते हसण्यावारीच गेलं.

अण्णा त्याच उन्हाळ्यात कामावरून निवृत्त झाले होते. बसल्या जागी त्यांची बोटं मांडीवर कात्री चालवल्यासारखी हलायची. घराला लागून एक रिकामा प्लॉट होता, मालक परगावी. काटेरी झुडपं, फुटक्या टाइल्स, कुणीतरी टाकलेला बांधकामाचा राडारोडा. अण्णांनी मालकाला फोन केला. तो म्हणाला, मी घर बांधेपर्यंत काय हवं ते करा. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आणि अक्का आत शिरले. आठ दिवस नुसतं साफ करण्यात गेले. अक्काच्या हातांवर कोपरापर्यंत ओरखडे उठले होते, आणि ती खुशीत होती.

अण्णा गळ्यात टेप अडकवून वाफे आखायचे. चार फूट रुंद, बारा फूट लांब, मधे दीड फुटाची वाट. वाफा इंचभर वाकडा गेला तरी दोरी सोडून पुन्हा बांधायचे. "अण्णा, मेथीला काय कळतंय?" अक्का म्हणायची. अण्णा म्हणायचे, "मला कळतंय ना." शेजारच्या गौरम्मा कंपाउंडच्या भिंतीवर हात टेकून बघायच्या. त्या शेतकऱ्याच्या घरातल्या, सत्तरीच्या. फडक्यात बांधलेलं अवऱ्याचं बी त्यांनीच दिलं. एका खड्ड्यात दोन दाणे, आणि वेल जरा वर आला की शेंडा खुडायचा, हे त्यांनी अक्काला कानडीतून शिकवलं.

आल्या दिवसांतली अक्का माझ्या डोळ्यांसमोर आहे. गळ्याची हाडं वर आलेली. जेवताना दुसरी चपाती घ्यायच्या आधी ती आईकडे बघायची. आई म्हणायची, "बघतेस काय, घे की." ती घ्यायची, पण पुढच्या वेळी पुन्हा बघायची. ती का बघते, असं आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. श्रावण अर्धा उलटल्यावर तिचं ते बघणं थांबलं. अंगावर थोडं मांस आलं. तिच्या बोलण्याला तर बांधच राहिला नाही. अळी कुठली, तिला दोन शिंगं कशी, गौरम्मांची सून काय म्हणाली, वांग्याचं फूल जांभळंच का. सकाळी मी दात घासत असताना दारात येऊन उभी राहायची. "तम्मा, भेंडीला फूल आलंय. चल बघायला."

मला नुकतीच नोकरी लागली होती, इलेक्ट्रॉनिक सिटीत. जायला दोन बस, यायला दोन बस. मी म्हणायचो, "अक्का, उशीर होतोय." तरी ती हाताला धरून न्यायची. फूल फिकट पिवळं, मधे काळपट लाल ठिपका. मी बघून "छान" म्हणायचो आणि पळायचो.

आषाढ संपला. अक्का म्हणाली, "गौरी हब्ब झाली की जाते." तोवर मेथी दोनदा कापून झाली होती, दंटाची, म्हणजे माठाची, पालेभाजी सगळ्या गल्लीत वाटून झाली होती. गौरी आल्या, गेल्या. मग म्हणाली, दसरा झाला की. दसऱ्याला वांगी इतकी आली की आईनं हात जोडले. मग म्हणाली, दिवाळीला तेच न्यायला येतील. दिवाळीला कुणी आलं नाही. अवऱ्याचे वेल बांबूंवर चढून पांढऱ्या-जांभळ्या फुलांवर आले होते. अक्का आता काहीच सांगत नव्हती, आणि आम्ही विचारत नव्हतो. पाच महिन्यांत होसकोट्याहून तिला एकही फोन आला नव्हता. एकही नाही. हे आज लिहिताना मला जितकं मोठं दिसतं, तितकं तेव्हा दिसत नव्हतं असं म्हणण्याची सोय मला नाही. दिसत होतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी, संध्याकाळी, ती झाडांना पाणी घालत होती. पाइप वाफ्यांवर लोळून रोपं मोडू नयेत म्हणून मी मागून उचलून धरला होता. पाठ माझ्याकडे ठेवून ती म्हणाली, "तम्मा, मी नाही गेले तर?"

"कुठं?"

"होसकोट्याला."

"का? भांडण झालंय का भावोजींशी?"

"भांडायला बोलावं लागतं," अक्का म्हणाली. मग तिनं सांगितलं. सलग, आवाज न चढवता. त्या घरात दीड वर्ष तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. मूल होत नाही म्हणून. सासू, नवरा, नणंद, सगळे तिच्यासमोर एकमेकांशी बोलायचे, तिच्याशी नाही. जेवण कपाटात, कपाटाची किल्ली सासूकडे. गेल्या फाल्गुनात तिला सहा दिवस ताप होता. खोलीत कुणी डोकावलं नाही. सातव्या दिवशी ती भिंतीला धरत स्वतः डॉक्टरकडे चालत गेली.

मी विचारलं, "मारतात का?"

"नाही."

"मग?"

हा एक शब्द मी परत घेऊ शकलो असतो तर. चौदा वर्षांत मी त्या जागी दुसरे किती शब्द ठेवून पाहिले आहेत! तिनं पाइप मिरच्यांकडे वळवला. आणि मी तेवढ्यावर थांबलोही नाही. मी म्हणालो, "हे बघ अक्का, पुढच्या महिन्यात बेळगावची माणसं मला बघायला येणार आहेत. माझं एकदा होऊ दे, मग आपण बघू. तोवर स्वल्प ॲडजस्ट कर."

"सरी," अक्का म्हणाली. कानडीतला सरी, म्हणजे बरं, ठीक आहे. दुकानात, रिक्षात, दिवसातून पन्नास वेळा ऐकू येणारा शब्द.

बेळगावची माणसं आली. मुलगी मीना, तिचे आईवडील आणि मामा. अक्कानं चहा आणला. मामांनी कप उचलताना आईला सहज विचारलं, "थोरल्या ताई इथंच असतात का?"

"नाही, नाही," आई घाईनं म्हणाली. "चार दिवस आलीय. या आठवड्यात जाणार आहे."

ट्रे धरून उभी असलेली अक्का म्हणाली, "हो, रविवारी जाणार." तिनंच वार ठरवला. मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी इथं लिहून ठेवतो. त्या संध्याकाळी अण्णांनी होसकोट्याला फोन लावला.

रविवारी सकाळी दहाला भावोजी आले. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी उप्पिट खाल्लं, अण्णांशी पाण्याच्या टंचाईबद्दल बोलले. माणूस सभ्य दिसत होता. सगळ्या त्रासाचं हेच होतं, की तो त्रास कुणाच्याच डोळ्यांना दिसण्यासारखा नव्हता. अक्का प्लॉटमध्ये गेली. अवऱ्याच्या पहिल्या शेंगा नुकत्या भरल्या होत्या. तिनं दोन पिशव्या काढल्या, एक आमच्यासाठी, एक न्यायला. तिच्या हातांना, साडीला तो वास लागला होता. भिंतीपलीकडून गौरम्मांनी सगळं बघितलं आणि अण्णांना हाक मारून म्हणाल्या, "इल्ले इरलि बिडि, अण्णा." राहू द्या हो तिला इथंच.

अण्णा म्हणाले, "एल्ला सरी होगुत्ते, गौरम्मा." सगळं ठीक होईल.

त्या सबंध हंगामात तिला राहू द्या असं म्हणणारं एकच माणूस निघालं, आणि ते आमच्या घरातलं नव्हतं.

बसपर्यंत मी पिशवी घेऊन गेलो. भावोजी दहा पावलं पुढं चालत होते. अक्का म्हणाली, "मीना चांगली वाटली रे." मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. बस दिसल्यावर ती म्हणाली, "लग्न झालं की तिच्याशी बोलत जा हं, तम्मा. काहीही बोल, पण बोलत जा." आणि चढली. तिला खिडकीजवळ जागा मिळाली होती, पण उन्हामुळे काचेवर नुसती चकाकी होती. मी त्या चकाकीला हात केला.

संक्रांतीला आईनं एळ्ळु-बेल्ल पाठवलं, तीळगुळासारखंच असतं ते. पोचल्याचा निरोप आला नाही. माघात एका दुपारी फोन आला. ताप होता, म्हणाले. नऊ दिवस. उतरेल असं वाटलं, म्हणाले. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. आम्ही अर्ध्या तासात तिथं पोचलो. अर्धाच तास लागतो, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळल्यासारखं वाटलं.

परत आल्यावर त्या प्लॉटमध्ये कुणी गेलं नाही. वांगी झाडावरच पिवळी पडली. अवऱ्याच्या शेंगा वाळून कागदासारख्या झाल्या, आणि दुपारचं वारं सुटलं की वेलावरच खुळखुळायच्या. आईनं त्या बाजूची खिडकी बंद केली. तरी ऐकू यायचं. उन्हाळ्यात सगळं मोडून पडलं. आणि पुढच्या पावसात, कुणी पेरलं नव्हतं, पाणी घातलं नव्हतं, तरी अण्णांनी आखलेल्या त्याच सरळ ओळींत अवऱ्याचे अंकुर वर आले. सकाळी मी दात घासत होतो. "तम्मा, चल बघायला." मी ब्रश तोंडात धरून दारापर्यंत गेलो होतो. दारात अण्णा उभे होते. ते वळून बघून म्हणाले, "तुला पण ऐकू आलं?" मग दोघंही आत आलो, आणि पुन्हा कधी त्याबद्दल बोललो नाही.

दोन वर्षांनी प्लॉटच्या मालकानं पाया खणला. तिथं आता चार मजल्यांची इमारत आहे. आम्ही घर विकून इकडं आलो. माझं लग्न मीनाशीच झालं, वर्षभर थांबून. मी तिच्याशी बोलतो. अक्कानं सांगितलं म्हणून असेल, मी तसा फार बोलणारा नवरा आहे. ऑफिसातलं, मनातलं, सगळं बोलतो, एवढं सोडून. बहीण तापानं गेली, इतकंच मीनाला माहीत आहे. तन्वीलाही तितकंच. अण्णा तीन वर्षांपूर्वी गेले.

मला वाटायचं, अपराधी मी एकटा. आईला, अण्णांना काय माहीत होतं? त्यांना वाटलं, मुलीचं मन रमत नाही, जाईल हळूहळू. माहीत असून पाठवणारा मीच. आईच्या हातचं खाताना, अण्णांचे पाय चेपताना हे मी गिळत आलो. डिसेंबर आला की ते वर यायचं. सातव्या मजल्यावरसुद्धा कधीकधी सकाळी दाराशी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं, आणि मी आरशात मागं बघत नाही.

यंदा एका शनिवारी दुपारी मी घरी होतो. मीना तन्वीला क्लासहून आणायला गेली होती. आईनं खालून अवरे मागवले होते, भिजवून ठेवले होते, आणि जमिनीवर बसून ती एकेक दाणा चिमटीत धरून सालातून काढत होती. घरभर तो वास. मी खोलीत निघालो.

"बस," आई म्हणाली. मी बसलो.

ती म्हणाली, "मी आता फार वर्षं नाही. एक सांगायचंय. अक्कानं मला सांगितलं होतं. तिथं कसं वागवतात ते. श्रावणात, मेथी निवडताना. मी म्हटलं, मूल झालं की सगळं मार्गी लागतं, धीर धर. तुम्हाला दोघांना सांगितलं नाही. तुझं लग्न व्हायचं होतं. म्हटलं, घरात कशाला वादळ."

मी म्हणालो, "आई, मला पण सांगितलं होतं."

तिचे हात थांबले. "कधी?"

"दिवाळीनंतर."

तिनं चिमटीतला दाणा भांड्यात टाकला. मग म्हणाली, "अण्णांना दसऱ्याला सांगितलं होतं. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात ते मला म्हणाले. म्हणाले, पोरीनं फक्त मलाच सांगितलं, मी तिला धीर धर म्हटलं, आणि ते माझ्यापाशीच ठेवलं. रडले रे."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. मला पण माहीत होतं, हे त्यांना कसं सांगू? जाताना तेवढं तरी ओझं नको, असं मी म्हटलं मनाशी. पण ते खरं नाही. मला धीर झाला नाही."

म्हणजे अक्का गप्प नव्हती. श्रावणात आईपाशी, दसऱ्याला अण्णांपाशी, दिवाळीनंतर माझ्यापाशी. घरात तीन माणसं, ती तिघांकडेही गेली. आम्ही तिघांनी तिला धीर धरायला सांगितलं, आणि तिघांनीही एकमेकांना काही सांगितलं नाही. त्याच ताटांवर, तिच्याच हातच्या वांग्यांची भाजी खात आम्ही रोज एकत्र जेवत होतो. एखाद्या रात्रीच्या जेवणात दोघांनी जरी तोंड उघडलं असतं, तरी तिसऱ्याला आपलं लपवता आलं नसतं. तिला वाटलं असेल, यांनी आपापसात बोलून ठरवलंय. सगळ्यांचं एकमत आहे. मिरच्यांना पाणी घालताना ती "सरी" म्हणाली ती त्यामुळे. गेल्या चौदा वर्षांत मला या गोष्टीची भीती कधी वाटली नव्हती. आता सगळ्यात जास्त तीच वाटते.

दाराला किल्ली लागली. मीना आणि तन्वी आत आल्या. तन्वीनं बॅग टाकली, आजीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काय झालं? आजी रडतेय?"

"तुझ्या आत्याचं बोलत होतो," मी म्हणालो.

"ती तापानं गेली ना?"

दरवर्षी मी याला हो म्हणत आलो. मीना किल्ली हातात घेऊन दारातच थांबली होती. मला तिच्या मामांचा तो प्रश्न आठवला, आणि हे तिच्यासमोर सांगायचं म्हणजे काय, तेही कळत होतं.

"ताप आला होता," मी म्हणालो. "पण त्याच्याआधी ती सहा महिने आमच्याकडे राहायला आली होती. तिला परत जायचं नव्हतं. तिनं तसं आम्हाला सांगितलं होतं. तरी आम्ही तिला पाठवलं."

मीना येऊन आईच्या शेजारी खाली बसली. तन्वी उभीच होती. मी सुरुवातीपासून सांगायला लागलो, आषाढापासून. त्या रविवारच्या बसपर्यंत आलो आणि थांबलो. मला वाटलं, आता आई उठून आत जाईल. ती गेली नाही. तिनं पदरानं हात पुसले, तन्वीला जवळ ओढलं, आणि जिथं मी थांबलो होतो तिथून पुढचं तिनं सांगायला घेतलं.